कोल्हापूरच्या पावसात सोलरवर भरवसा ठेवावा का?

रंकाळाकाठ (धागाकर्ता)
गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर बसवून वर्ष झालं. केंद्राचं ७८,००० अनुदान मिळालं. एप्रिलात दिवसाला १२-१३ युनिट पडत होते, जुलैत झड लागली की तीनसुद्धा नाहीत. तरी नेट मीटरवर (ग्रिडला दिलेली आणि घेतलेली वीज एकमेकांतून वजा करणारा मीटर) उन्हाळ्यातली शिल्लक पावसाळ्यात वळती झाली आणि बिल नावापुरतंच आलं. माझं मत स्पष्ट आहे, पुढचा जमाना याच विजेचा. तुमचं?

शिरोळचा ऊसवाला
गच्चीवाल्यांचं ठीक आहे ओ. सौर पंप मिळतो ३, ५, फार तर साडेसात एचपीचा. आमची नदीवरची उपसा योजना, ५० एचपीची मोटर, पाणी दोन टप्प्यांत वर चढतं. २०१९ च्या पुरात मोटरी काढता काढता नाकी नऊ आले, त्यात पॅनेल कुठं उचलून नेऊ?

को-जनवाला
ऊसवाले, तुमचाच ऊस वीज देतोय की! गळीत हंगामात कारखाने बगॅस (उसाचा चोथा) जाळून रात्रंदिवस वीज करतात आणि ग्रिडला विकतात. ऊन नसलं तरी चालतं.

शिरोळचा ऊसवाला
हंगाम संपला की बॉयलर थंड. मग?

कोळसा अजून आहे
२०२५ मध्ये देशाच्या स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म (ऊन, वारा, पाणी, अणू वगैरे) वाटा निम्म्यावर गेला म्हणून पेढे वाटले. क्षमता म्हणजे टाकीचा आकार, आत पाणी किती ते बघा. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळसाच पुढं आहे, आणि दिवेलागणीला मागणी चढते तेव्हा सोलर शून्य.

रंकाळाकाठ
टाकीचं उदाहरण आवडलं, पण एकाच टाकीवर गाव चालवा असं म्हणतंय कोण? जुलैत माझं पॅनेल झोपतं तेव्हा साताऱ्याच्या वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या जोरात असतात. कोयना, राधानगरी भरतात. हिवाळ्यात बगॅस, उन्हाळ्यात ऊन. आपल्या भागाइतकी सोय फार थोड्यांकडं असेल. संध्याकाळचा प्रश्न खरा आहे, पण घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प चालतो. मागणी कमी असताना पाणी वर चढवायचं, गरजेला खाली सोडायचं. त्यात दिवसाची सौर वीज वापरता येते.

कोळसा अजून आहे
चढवलेल्या पाण्यातली सगळी वीज परत मिळत नाही. तो तोटा बिलात कुणाच्या?

रंकाळाकाठ
आपल्याच. पण कोळशाच्या बिलातही धूर धरलेला नसतो.

शिरोळचा ऊसवाला
तुमचं चालू द्या. मला रात्री दोनला बॅटरी घेऊन पाणी पाजायला जावं लागतं, पायाखाली साप आहे का बघत. दिवसा आठ तास वीज द्या, सूर्याची असो की कोळशाची. सौर कृषी वाहिनीतून (शेतीपंपांना सौर प्रकल्पाची वीज देणारी सरकारी योजना) दिवसाच मिळणार असेल तर आपली हरकत नाही. फक्त त्याची पॅनेलं बसवायला गायरान मागू नका. म्हशी कुठं चारायच्या?

को-जनवाला
हे मात्र बरोबर बोललात.