आयर्लंडमधले भाऊ-भाऊ: एकांकिकेसाठी माहिती हवीये

गोदाकाठचा:
नमस्कार मंडळी, आमचा नाशिकचा हौशी ग्रुप आहे, कॉलेज रोडला एकाच्या गच्चीवर तालमी चालतात. यंदा आयर्लंडच्या स्वातंत्र्ययुद्धावर एकांकिका करतोय. साल १९२०, कॉर्ककडचं खेडं, थोरला भाऊ तिथल्याच चौकीत पोलीस म्हणजे आरआयसीत (ब्रिटिश सरकारचं आयर्लंडमधलं पोलीसदल), धाकटा आयआरएत, म्हणजे ब्रिटिशांशी लढणाऱ्या आयरिश बंडखोर सेनेत, आई दोघांच्या कात्रीत. दिग्दर्शक म्हणतो ब्रिटिश गेले की दोघं गळ्यात गळे घालतात आणि पडदा. मला हे पचत नाहीये पण नेमकं काय खटकतंय ते सांगता येईना. घरं खरंच अशी फुटली होती का? आणि थोरल्याला सरळ गद्दार दाखवावं का?

सिडको_वैशाली:
फुटली म्हणजे काय, थेट वरपर्यंत. लॉर्ड फ्रेंच आयर्लंडचा व्हाइसरॉय, डिसेंबर १९१९ मध्ये अ‍ॅशटाउनला त्याच्या गाडीवर हल्ला झाला, थोडक्यात वाचला. त्याची सख्खी मोठी बहीण शार्लट डेस्पार्ड मात्र उघडउघड शिन फेनकडून, म्हणजे स्वातंत्र्यवादी पक्षाकडून! सत्तरी ओलांडलेली ही बाई मॉड गॉन या स्वातंत्र्यवादी कार्यकर्तीला घेऊन दक्षिणेत फिरायची, सैन्याने कुठे काय जाळलं त्याची माहिती गोळा करायला, आणि नाक्यावर गाडी अडवली की सांगायची मी व्हाइसरॉयची बहीण. सोल्जरांची तोंडं बघण्यासारखी होत असणार.
थोरल्याला गद्दार नका करू प्लीज. आरआयसीतले बहुतेक शिपाई आयरिश कॅथलिकच, शेतकऱ्यांचीच पोरं, पगार आणि पेन्शनसाठी भरती झालेली. एप्रिल १९१९ ला डॉलने, म्हणजे आयरिश स्वातंत्र्यवाद्यांच्या संसदेने, पोलिसांवर बहिष्कार टाकला आणि मग दुकानदार सामान देईना, शेजारी बोलेनात, हे सगळं घरच्यांनाही भोगावं लागलं. पुष्कळांनी राजीनामे दिले. आणि एक घोळ आहे तुमच्यात, आरआयसीत स्वतःच्या काउंटीत (जिल्ह्यात) पोस्टिंगच मिळत नसे, त्यामुळे तो आपल्याच गावच्या चौकीत असूच शकत नाही, त्याला सुट्टीवर आणा.

देवळालीकर:
वैशालीताई +१. पण खरी गोम शेवटात आहे राव. ब्रिटिशांशी लढेपर्यंत एका बाजूला असलेली घरं ब्रिटिश निघायला लागल्यावर फुटली. ६ डिसेंबर १९२१ ला ब्रिटिशांशी तह झाला, त्यात राजाशी निष्ठेची शपथ आणि उत्तरेचे सहा जिल्हे नव्या आयरिश राज्याच्या बाहेर, जानेवारीत डॉलमध्ये ६४ विरुद्ध ५७ असा जेमतेम पास झाला आणि तिथून यादवी. कॉर्कचेच हेल्स बंधू बघ, टॉम आणि शॉन, दोघे मिळून ब्रिटिशांशी लढलेले. तहानंतर टॉम विरोधात, शॉन बाजूने. ऑगस्ट १९२२ मध्ये तहाच्या बाजूचा मोठा नेता मायकेल कॉलिन्स ज्या हल्ल्यात गेला तो सापळा लावणाऱ्यांत टॉम होता, आणि डिसेंबरात डब्लिनमध्ये तहविरोधकांनी शॉनला गोळ्या घातल्या, म्हणजे टॉमच्याच बाजूच्या लोकांनी. दुसऱ्या दिवशी तहाच्या बाजूच्या आयरिश सरकारने बदला म्हणून चार तहविरोधी कैदी ठार केले, त्यात रोरी ओ'कॉनर. मंजुरी देणाऱ्या मंत्र्यांत केविन ओ'हिगिन्स, ज्याच्या लग्नात वर्षभरापूर्वी हाच ओ'कॉनर बेस्ट मॅन होता. आणखी एक मंत्री ओन मॅकनील, त्याचा मुलगा ब्रायन तहविरोधी, स्लायगोत बापाच्याच सरकारच्या सैन्याकडून मेला. गळ्यात गळे कसले घालताय!

भगूरचा_पोरगा:
आपल्याकडे सावरकरांचे तिघे भाऊ एकाच बाजूला, त्यामुळे अख्खं घर एकदिलाने लढतं असं नाशिककरांना वाटणारच, दिग्दर्शकाचा दोष नाही :) माझं मत, दोन नाही तीन भाऊ करा. तिसरा ब्रिटिश सैन्यात, पोस्टिंग हिंदुस्थानात. १९२० मध्ये जालंधरला कॉनॉट रेंजर्स या ब्रिटिश सैन्यातल्या पलटणीच्या आयरिश सैनिकांनी मायदेशातल्या अत्याचारांच्या बातम्या ऐकून बंड केलं होतं, जेम्स डेली नावाच्या पोराला नोव्हेंबरात दगशाईला गोळ्या घातल्या. आपल्या प्रेक्षकाला लगेच जवळचं वाटेल.

गोदाकाठचा:
बाप रे, धन्स सगळ्यांना! तिसरा भाऊ नको, ४० मिनिटांत मावायचं नाही. शेवट मात्र १९२२ वर नेतो, दिग्दर्शकाशी भांडायला आता दारूगोळा आहे. फक्त पोलिसांचे ड्रेस खाकी भाड्याने ठरवलेत, चालतील ना?

सिडको_वैशाली:
नाही चालणार, आरआयसीचा गडद हिरवा, लांबून काळाच वाटतो. ब्लॅक अँड टॅन्स, म्हणजे आरआयसीच्या मदतीला भरती केलेले ब्रिटिश माजी सैनिक, दाखवणार असाल तर मात्र खाकी ठेवा, त्यांना सुरुवातीला पुरेसे युनिफॉर्म नव्हते म्हणून अर्धं खाकी अर्धं हिरवं घालायचे.