एमसीएचं 20 डॉलरचं तिकीट: कला बघायला पैसे घ्यावेत का?

कोथरूड_ते_पॅरामाटा
सिडनीत सर्क्युलर की स्टेशनातून पाण्याकडे तोंड करून बाहेर पडलं की डाव्या हाताला म्युझियम ऑफ कंटेम्पररी आर्ट, म्हणजे आपलं एमसीए. 2000 सालापासून तिथं कुणीही फुकट आत जायचं, जानेवारी 2025 च्या शेवटी तिकीट परत आलं, मोठ्या माणसाला 20 डॉलर. 18 च्या आतल्यांना आणि इथल्या विद्यार्थ्यांना पैसे नाहीत हे मान्य, पण मला हा निर्णय मनापासून चुकीचा वाटतो आणि का ते सांगते.

माझी सवय अशी होती की फेरीबोट सुटायला अर्धा तास असला की आत शिरायचं, एकच काम बघायचं आणि बाहेर. दहा मिनिटं. आवडलं नाही तर नाही, काही गेलं नाही. आता 20 डॉलर भरले की मन आपोआप वसुलीला लागतं, सगळे मजले पालथे घालायचे, प्रत्येक पाटी वाचायची, दोन तासांनी पाय मोडून बाहेर यायचं आणि एकही गोष्ट धड बघितलेली नसायची. आजची कला पहिल्या भेटीत कळतेच असं नाही हो, तिच्याकडे परत परत जावं लागतं आणि परत जायला तिकीट आडवं येतं.

एक उदाहरण देते. आर्ट गॅलरी ऑफ न्यू साउथ वेल्सची नवी इमारत, नाला बाडू, डिसेंबर 2022 ला उघडली, तिथं प्रवेश फुकट. आत गेल्यावर आधी यिरिबाना गॅलरी लागते, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या कलेची. तिथं लोरेन कॉनेली-नॉर्थी या मूळ रहिवासी कलाकार बाईंचं 'नरबाँग-गलांग' हे काम आहे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला नुसतं भंगार दिसलं, गंजका पत्रा, जाळी, तारा. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा गेले तेव्हा एकदम लक्षात आलं की अरे या पिशव्या आहेत! पत्रा वाकवून केलेल्या, वर तारेचा बंद. लोरेन यांच्या आधीच्या पिढ्यांतल्या बायका गवताच्या, दोरीच्या पिशव्या विणायच्या आणि ज्या जमिनीवर ते गवत उगवायचं तिथं शेतं आणि कुंपणं आली, मग कुंपणाच्याच तारेतून पिशवी. मी तिथं उभी राहून रडले. आजीचा बटवा आठवला. पहिल्या भेटीला 20 डॉलर मोजले असते तर चौथी भेट झालीच नसती.

हिशेबनीस
ताई, लिहिलंय छान पण तुम्ही दोन वेगळ्या संस्था एका तागडीत घालताय. आर्ट गॅलरी ऑफ एनएसडब्ल्यू ही राज्य सरकारची. एमसीए ना-नफा संस्था आहे, तिची सुरुवातच मुळी जे. डब्ल्यू. पॉवर या चित्रकाराने सिडनी युनिव्हर्सिटीला ठेवलेल्या मृत्युपत्रातल्या पैशातून झाली, 1991 ला दारं उघडली, आणि आजही सरकारकडून येणारा वाटा खर्चाच्या मानाने लहानच. बाकीचं देणगीदार, स्पॉन्सर, दुकान, हॉल भाड्याने देणं यातून उभं करायचं. वीज, विमा, एसी, पगार सगळं चढलंय. मग दार फुकट ठेवायचं तर कुठून? शेवटी कात्री लागते ती प्रदर्शनांना आणि कलाकाराच्या मानधनाला. इथं नावा म्हणून दृश्यकलाकारांची संघटना आहे, तिची आचारसंहिता सांगते की प्रदर्शनासाठी कलाकाराला फी द्या, पण ती काही सक्ती नाही. पैसे नसले की पहिलं तेच गळतं. सिनेमाला 25 डॉलर देताना आपण का नाही विचारत?

कोथरूड_ते_पॅरामाटा
सिनेमा आपण ट्रेलर बघून, कोण आहे काय आहे विचारून निवडतो ना. इथं आत काय आहे हेच माहीत नसतं आणि तीच तर खरी मजा आहे. आणि माझा राग एमसीएवर नाहीये, सरकारवर आहे. रस्त्याला, लायब्ररीला पैसे मिळतात तसे याला का नाही?

भिंतीवरचा_खिळा
मी मेलबर्नला प्रदर्शनं उभारायचं काम करतो, फ्रीलान्स. पेट्या उघडणं, काम आलंय तसं आहे का याची ओरखड्यागणिक नोंद करणं, लेव्हल लावून टांगणं, संपलं की परत पेटीत. म्हणून दोन्हीकडचं सांगू शकतो.

हिशेबनीस दादा, तिकिटाचे पैसे आपोआप कलाकाराकडे जातात असं काही नसतं, ते आधी इमारतीकडे जातात. पण ताई, सरसकट सगळं फुकट हेही मला पटत नाही. एनजीव्हीचं, म्हणजे इथल्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियाचं बघा, सेंट किल्डा रोडवरच्या इमारतीत कायमचा संग्रह बघायला पैसे नाहीत, काचेवरून पाणी वाहतं त्या दारातून कुणीही आत येतं, लहान पोरं आधी त्या पाण्याला हात लावतात. मोठ्या पाहुण्या प्रदर्शनाला मात्र तिकीट. 2024 च्या डिसेंबरात यायोई कुसामा या जपानी कलाकार बाईंचं लागलं त्याला तिकीट होतं आणि लोकांनी आनंदाने काढलं, आरशाच्या खोलीत थोडाच वेळ मिळायचा तरी रांगा. त्याच बाईंचं 'फ्लॉवर ऑब्सेशन' 2017 च्या ट्रायेनियलला, म्हणजे दर तीन वर्षांनी भरणाऱ्या प्रदर्शनाला, फुकट होतं! साधं घर मांडलेलं, सोफा, टेबल, नळ, आणि येणाऱ्या प्रत्येकाने एक फूल घ्यायचं आणि वाटेल तिथं चिकटवायचं. हळूहळू सगळं घर फुलांखाली गेलं. त्या ट्रायेनियलला 12 लाखांहून जास्त लोक आले. तिकीट असतं तर निम्मे तरी आले असते का, मला नाही वाटत, आणि लोकच नसते तर ते काम पुरंच झालं नसतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच की दार फुकट, आतल्या एखाद्या खास दालनाला पैसे.

शनिवारची_फेरी
सगळे सरकारी आणि मोठ्या म्युझियमबद्दलच का बोलताय? कमर्शियल, म्हणजे चित्रं विकणाऱ्या गॅलऱ्या कायम फुकट असतात. पॅडिंग्टनला रोझलिन ऑक्सली नाईन आहे 1982 पासून, मेलबर्नला टोलार्नो तर 1967 ची. शनिवारी सरळ आत जा, कुणी तिकीट मागत नाही, गर्दी नाही, एका चित्रासमोर अर्धा तास उभे राहा. आणि आज घडतंय ते आधी तिथंच दिसतं, म्युझियममध्ये यायला पाच-दहा वर्षं जातात. मुख्य म्हणजे कलाकाराचं घर तिथल्या विक्रीवर चालतं. गॅलरी साधारण 40 टक्के, कुठं कुठं निम्मे ठेवते हे खरं, पण भाडं, छपाई, गिऱ्हाईक शोधणं हे सगळं तीच करते. शिवाय 2010 पासून इथं पुनर्विक्रीचा कायदा आहे, काम पुढं परत 1000 डॉलर किंवा जास्तीला विकलं गेलं तर कलाकाराला 5 टक्के. तुम्ही म्हणता ती कला परवडावी म्हणून सरकारने द्यावं, मी म्हणतो आधी बाजार नीट चालू द्या.

कोथरूड_ते_पॅरामाटा
दादा, फुकट असणं आणि आत जावंसं वाटणं यात फरक आहे. एका गॅलरीत (नाव घेत नाही) मी आणि आई गेलो होतो, आई नऊवारीत. बंद काचेचं दार, बेल वाजवायची, आत पूर्ण शांतता, टेबलामागच्या मुलीने एकदा वर बघितलं आणि परत मान खाली. किमतीचा कागद मागायचा असतो हे आम्हाला कुठं माहीत. आई पाच मिनिटांत म्हणाली, चल गं, आपल्याला घ्यायचं नाहीये काही, उगाच त्यांचा खोळंबा. ती त्यानंतर कुठल्याच गॅलरीत आली नाही. तिकीट नव्हतं तरी दार बंदच होतं ना? आणि तिथलं प्रदर्शन तीन-चार आठवडे, मग विकल्याची लाल टिकली लागली की ते चित्र कुणाच्या तरी दिवाणखान्यात गेलं ते गेलं. म्युझियममध्ये ते माझ्या नातीलाही दिसेल.

शनिवारची_फेरी
आईंच्या बाबतीत झालं ते वाईटच, ते मी कशाला नाकारू. पण एकीवरून सगळ्या ठरवू नका, कित्येक ठिकाणी दोन शब्द विचारले की मालक स्वतः येऊन चित्रकाराबद्दल तासभर बोलतात. पुढच्या वेळी आईंना घेऊन प्रदर्शनाच्या ओपनिंगला जा, गर्दी असते, चित्रकार स्वतः असतो, तिथं कुणी कुणाकडे बघत नाही.

ब्रिस्बेनवाली
मला राहवत नाहीये म्हणून लिहिते. आमच्या ब्रिस्बेनच्या सरकारी गॅलरीत, क्वागोमात, 1993 पासून एशिया पॅसिफिक ट्रायेनियल भरतं आणि त्याला प्रवेश फुकट. 2015-16 च्या आठव्या ट्रायेनियलमध्ये 'कल्पवृक्ष' नावाचा भाग होता, भारतातल्या आदिवासी आणि लोककलेचा, त्यात आपली वारली होती! लाल मातीच्या रंगावर पांढऱ्या रेघा. मी माझ्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन गेले, त्याला इतकी वर्षं इंडिया म्हणजे फक्त आजी-आजोबांचा व्हिडिओ कॉल. त्याने तारपा नाचाचं ते वेटोळं बोटाने हवेत गिरवलं, आतून बाहेर, परत आतून बाहेर, आणि शेजारी एक ऑस्ट्रेलियन आजोबा उभे होते ते पण गिरवायला लागले. पुढच्या रविवारी तो म्हणाला परत जाऊ. त्या प्रदर्शनाला आम्ही पाच वेळा गेलो. घर एका पगारावर होतं तेव्हा, पाच वेळा तिकीट काढणं शक्यच नव्हतं. ते कुसामांचं पांढऱ्या खोलीत मुलांनी रंगीत टिकल्या चिकटवायचं काम सगळ्या जगात फिरलं ना, ते पण 2002 ला आमच्याच इथं मुलांसाठी पहिल्यांदा झालं.

गिरगाव_चौपाटी
मी मुंबईहून. आपल्या जहांगीर आर्ट गॅलरीचं नाव कुणीच काढलं नाही म्हणून सांगतो. 1952 पासून बघणाऱ्याला फुकट, काळा घोड्याला कुणीही घामाघूम माणूस येतो, घटकाभर उभा राहतो आणि चित्र बघून जातो, हे सोनं आहे. पण ती भिंत चित्रकार भाड्याने घेतो, आणि तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबतो. मी स्वतः थांबलोय. चित्र विकलं गेलं नाही तर भाडं, फ्रेम, टेम्पो सगळं अंगावर. तेव्हा फुकट म्हणताना कुणाच्या अंगावर फुकट हे बघायला हवं, यात मी हिशेबनीस यांच्या बाजूने.

होबार्टकर
आमच्या होबार्टचं मोना म्युझियम धरा की उदाहरण म्हणून. डेव्हिड वॉल्श यांनी जुगाराच्या गणितातून कमावलेल्या पैशातून 2011 ला उभं केलं, खडकात खोदून खाली खाली जाणारं. टास्मानियात राहणाऱ्याला फुकट, बाहेरच्याला तिकीट. भिंतीवर पाटी नाही. तिथं एक पाण्याचं काम आहे, वरून थेंब सोडतात ते इतके मोजून की पडता पडता त्यांचा शब्द तयार होतो, बातम्यांमधले शब्द, वाचेपर्यंत खाली जाऊन फुटतो. मी घरून निघून नुसतं तेवढं बघायला जातो, ताईंसारखाच. स्थानिकाला फुकट आणि पर्यटकाला तिकीट, सर्क्युलर कीला तर बोटी भरून पर्यटक उतरतात.

हिशेबनीस
याला माझी ना नाही. पण एका श्रीमंत माणसाच्या मर्जीवर चालणारं म्युझियम हा मला उपाय वाटत नाही, उद्या त्याची मर्जी फिरली तर? तिकीट हा त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग आहे. बघणाऱ्याने थोडं द्यावं, सरकारने थोडं द्यावं. ब्रिस्बेनच्या ताईंचं वाचून मात्र वाटलं की घरात लहान मूल असेल तर सोबतच्या मोठ्यालाही सोडायला हवं, मुलाला फुकट आणि आईला 20 डॉलर म्हणजे मूल पण बाहेरच. एवढं मी बदलतो, तिकीट नको हे अजूनही नाही पटत.

कोथरूड_ते_पॅरामाटा
मला निम्म्या सवलतीवर नाही भागणार, पण आईचं तिकीट सोडा म्हणालात याबद्दल मनापासून थँक्यू. मी माझ्या आमदाराला पत्र लिहितेय अनुदान वाढवा म्हणून, कुणाला सोबत सही करायची असेल तर सांगा.

भिंतीवरचा_खिळा
माझी धरा. आणि ताई, आईंना कमर्शियलच्या आधी नाला बाडूच्या तळघरात न्या, बुधवारी रात्री 10 पर्यंत उघडं असतं. दुसऱ्या महायुद्धातली जहाजांच्या तेलाची टाकी आहे ती, गोल जिन्याने उतरायचं, सात मीटर उंच खांब, त्यांच्यावर अजून तेलाचे डाग. जिना फार वाटला तर लिफ्टचं विचारा. तिथं कुणी मान खाली घालत नाही, सगळे वरच बघत असतात.