उत्तर इंग्लंडात पाठीवर सॅक टाकून : तुमचे अनुभव लिहा

उन्हाळा आला की इथले सगळे स्पेन-ग्रीसची तिकिटं शोधायला लागतात आणि आमच्यासारखे थोडे येडे लोक बुटांना मेण लावत बसतात. तर हा धागा त्या येड्यांसाठी. नॉर्थम्बरलंड, कंब्रिया, यॉर्कशायर, जिथे कुठे पाठीवर सामान घेऊन चालत फिरला असाल ते लिहा. लेक डिस्ट्रिक्टला गाडी लावली, बोटीतून चक्कर मारली, आइस्क्रीम खाल्लं आणि परत आलो हे कृपया इथे नको, त्याला बाकी जागा आहेत. किती मैल मारले यापेक्षा कुठे थांबावंसं वाटलं ते सांगा.

सुरुवात मीच करतो. आम्ही मित्र-मित्र हेड्रियन्स वॉल चाललो. इसवी सन १२२ मध्ये रोमन बादशहा हेड्रियनने ही भिंत बांधायला घेतली, पूर्वेला न्यूकॅसलजवळच्या वॉल्सएंडपासून पश्चिमेला सॉल्वेच्या खाडीवरच्या बोनेसपर्यंत, ७३ मैल. चालायची वाट थोडी वळणं घेत ८४ मैल होते. बरेच जण पश्चिमेकडून सुरू करतात कारण वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा असतो, पाठीवर घेतलेला बरा. आम्हीही तसंच केलं.

आता खरं सांगायचं तर दोन्ही टोकांना भिंत जवळपास नाहीच. तिथे नुसतं मनात म्हणायचं की भिंत इथून गेली असेल. शेकडो वर्षं लोकांनी तिचे दगड काढून घरं, गोठे, चर्च बांधली आणि १७४५ च्या जॅकोबाइट बंडानंतर (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याला परत गादीवर बसवण्यासाठी झालेलं बंड) सरकारने लष्करी रस्ता केला तोसुद्धा बराचसा तिच्याच दगडांवर. म्हणजे कित्येक मैल तुम्ही भिंत शोधत असता आणि ती शेजारच्या डांबरी रस्त्याखाली असते! मग मध्यावर व्हिन सिलचा काळा कातळ लागतो, उत्तरेला सरळ तुटलेला कडा आणि त्याच्या माथ्यावरून भिंत वरखाली धावतेय. स्टील रिग ते हाऊसस्टेड्स हा टप्पा गुडघ्यांची परीक्षा बघतो, पण अख्ख्या वाटेवरचा एकच तुकडा करायचा असेल तर हाच करा. याच टप्प्यातल्या सिकॅमोर गॅप नावाच्या खिंडीतलं ते प्रसिद्ध झाड सप्टेंबर २०२३ मध्ये कापून टाकलं, तिथे आता बुंधा आहे आणि भोवती कुंपण. बुंध्याला २०२४ च्या उन्हाळ्यात नवे फुटवे आलेत. लोक येतात, उभे राहतात, खिंडीचाच फोटो काढतात.

पण माझं मन अडकलं ते विंडोलँडात. भिंतीपासून थोडं दक्षिणेला, भिंतीच्या आधीपासूनचं ठाणं. तिथल्या चिखलात हवाच पोचत नसल्यामुळे लाकूड, चामडं असं जे एरवी कुजून जातं ते टिकलंय. रोमन चपला-बूट हजारोंनी सापडलेत, लहान मुलांचेसुद्धा. आणि १९७३ पासून सापडत आलेल्या पातळ लाकडी पट्ट्या, शाईने लिहिलेल्या. एकीत एका अधिकाऱ्याची बायको दुसऱ्या अधिकाऱ्याच्या बायकोला वाढदिवसाला बोलावतेय, नक्की ये गं, तू आलीस तर दिवस छान जाईल, अशा अर्थाचं. साधारण १९०० वर्षांपूर्वीचं पत्र! दुसऱ्या एकात मोजे आणि चड्ड्या पाठवल्याचा हिशोब. जूनमध्ये फ्लीस घालून फिरत होतो त्यामुळे मोज्यांचं अगदी पटलं. उन्हाळ्यात उत्खनन चालू असतं, काठावर उभं राहून बघता येतं, तिथे आमचा अर्धा दिवस गेला आणि पुढचा मुक्काम उशिरा गाठला. जूनअखेरीला उजेड सतरा तासांच्या वर असतो म्हणून निभावतं.

भिंतीवर चढून चालू नका, सगळीकडे पाट्या आहेत. पाय थकलेच तर उन्हाळ्यात वाटेला समांतर एक बस धावते, तिचा नंबर एडी १२२, म्हणजे भिंतीचंच साल. ज्याला सुचलं त्याला सलाम.

*

मस्त धागा! मी स्वेलडेलबद्दल लिहिते. यॉर्कशायर डेल्समधली ही सगळ्यात उत्तरेकडच्या दऱ्यांपैकी एक, आणि माझ्या मते सगळ्यात देखणी. शेजारच्या वेन्सलेडेल दरीवाले येऊन भांडतीलच, भांडू देत.

मी एकटीच होते, लहान तंबू, आणि मुक्काम शेतकऱ्यांच्या कॅम्पिंगच्या कुरणांवर, म्हणजे कोपऱ्यात एक नळ, एक संडास, पैसे डब्यात टाकायचे. म्यूकर गावाच्या आजूबाजूची गवताची कुरणं जूनमध्ये फुलांनी भरलेली असतात, पिवळी जांभळी पांढरी, आणि वाट त्यांच्या मधोमध जाते, पाटी असते की एकामागोमाग एक चाला कारण हे गवत म्हणजे गुरांचा हिवाळ्याचा चारा आहे. जुलैत कापणी सुरू झाली की संपलं, म्हणून फुलांसाठी जायचं तर जूनमध्येच जा. प्रत्येक कुरणाला दगडी बांध, चुना माती काही न लावता नुसते रचलेले, आपल्या कोकणातल्या गडग्यांसारखेच, फक्त उंच आणि मैलोन्‌मैल. आणि जवळपास प्रत्येक कुरणात एक दगडी गोठा. पूर्वी वरच्या माळ्यावर गवत, खाली गुरं, म्हणजे हिवाळ्यात चारा वाहून न्यायलाच नको, आणि खत पण जिथल्या तिथे. किती डोकं लावलंय बघा.

त्या दरीतून एक जुनी वाट जाते, तिला कॉर्प्स वे म्हणतात. वरच्या खेड्यांत कुणी गेलं तर पुरायला पवित्र जमीन फक्त ग्रिंटनच्या चर्चला, सोळा मैलांवर. वेताच्या शवपेट्या करायचे, लाकडाची जड होते म्हणून, आणि खांद्यावर घेऊन निघायचे, दोन दिवस लागायचे. म्यूकरला १५८० मध्ये स्वतःचं चर्च झालं तेव्हा ती पायपीट थांबली. मी वरच्या केल्ड गावाहून म्यूकरला त्या वाटेने उतरले, पाठीवर बारा किलो, आणि कुरकुर करायची लाजच वाटली हो.

केल्डला पेनाइन वे आणि कोस्ट टू कोस्ट या दोन मोठ्या वाटा एकमेकींना छेदतात त्यामुळे संध्याकाळी तिथे सगळे लंगडणारे लोक भेटतात. फोडांवर काय लावायचं यावर तासभर चर्चा, नाव कुणी कुणाचं विचारत नाही.

*

आम्ही दोघंही साठीच्या पुढचे, लेकीकडे उन्हाळ्यात येतो. जावईबापूंनी कोस्ट टू कोस्टमधला एक तुकडा आखून दिला, लेक डिस्ट्रिक्ट ते शॅप. ही वाट डोंगरवाटांची पुस्तकं लिहिणाऱ्या वेनराइट यांनी १९७३ मध्ये आखली, सेंट बीज ते रॉबिन हूड्स बे, साधारण १९० मैल, एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत. सगळी वाट चालणारे पहिल्या किनाऱ्यावरचा खडा खिशात घालून निघतात आणि दुसऱ्या समुद्रात टाकतात. आमच्या नशिबी मधला तुकडा, खडा नाही.

सामान एका मुक्कामावरून पुढच्या मुक्कामाला गाडीने पाठवायची सोय मिळते, ती आम्ही घेतली. पाठीवर फक्त पाणी, रेनकोट, खायचं. हे धाग्याच्या नियमात बसत नसेल तर प्रतिसाद उडवा, पण आमच्या वयाच्या लोकांना कळू दे की जमतं.

केझिकजवळ कॅसलरिग म्हणून दगडांचं वर्तुळ आहे, पाच हजार वर्षं जुनं म्हणतात, चारी बाजूंनी डोंगर. तिकीट नाही, दरवाजा नाही, मेंढ्या दगडांना अंग घासत चरतात. ह्यांचं म्हणणं एवढी जुनी वस्तू अशी उघड्यावर कशी ठेवतात. तिथल्या बाकावर बसलेल्या आजी म्हणाल्या, आतापर्यंत राहिलीच ना. यावर काय बोलणार.

पुढे हॉझवॉटरच्या कडेने दिवसभर चाललो. तो तलाव म्हणजे मँचेस्टरच्या पाण्यासाठी १९३० च्या दशकात धरण बांधून मोठा केलेला, त्यात मार्डेल नावाचं गाव गेलं. घरं, चर्च, सगळं आधी पाडलं, दफनभूमीतली प्रेतंसुद्धा उकरून शॅपला नेली. कडक उन्हाळ्यात पाणी उतरलं की गावातले बांध आणि छोटा पूल वर येतो. आम्ही गेलो तेव्हा नव्हता आला, काठावर पांढऱ्या गोट्यांचा पट्टा तेवढा दिसत होता. धरणात गाव जाणं म्हणजे काय ते आपल्याकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको, ह्यांच्या आजोळचं असंच गेलंय, त्या दिवशी ते फारसे बोलले नाहीत.

जेवणाचं : आम्ही शाकाहारी. पबमध्ये काही ना काही मिळतं, चीज घातलेला भाजका बटाटा, सूप. पण खेड्यातल्या पबचं स्वयंपाकघर रात्री लवकर बंद होतं, मग चिप्सच्या पुड्यावर झोपावं लागतं. मेथीचे ठेपले जवळ होते म्हणून मी निश्चिंत.

*

काकू, प्रतिसाद अजिबात उडवत नाही! नियम आजपासून बदलला.

*

एक प्रश्न. तंबू कुठेही लावता येतो का? युट्यूबवर सगळे डोंगरमाथ्यावर लावताना दिसतात.

*

इंग्लंडमध्ये नाही लावता येत, जमीनमालकाची परवानगी लागते, डार्टमूर तेवढा अपवाद आणि तो पार दक्षिणेला. स्कॉटलंडचा कायदा २००३ चा, तिथे बऱ्यापैकी मोकळीक, पण सीमा ओलांडल्यावर. लेक डिस्ट्रिक्टमध्ये शेवटच्या बांधाच्या वर, उशिरा लावला, पहाटे काढला, शेकोटी केली नाही, मागे कचरा नाही, तर सहसा कुणी हटकत नाही. हटकलं तर मुकाट्याने उठायचं, हक्क नाहीये.

चालायचा हक्क मात्र आहे आणि तो भारी आहे. नकाशावर हिरव्या तुटक रेघा दिसतात ना, ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याच्या केशरी मुखपृष्ठाच्या नकाशात, त्या पब्लिक फूटपाथ, कुणाच्या अंगणातून जात असल्या तरी जायचं. पहिल्यांदा एका शेतकऱ्याच्या घरासमोरून, त्याची चड्डी बनियन वाळत घातलेल्या दोरीखालून वाकून गेलो तेव्हा वाटलं आता शिव्या बसणार. त्याने मान हलवली, मॉर्निंग म्हणाला आणि परत ट्रॅक्टरखाली शिरला. फाटक जसं होतं तसं ठेवायचं, एवढीच अपेक्षा. मी वीकेंडला पीक डिस्ट्रिक्टमध्ये जातो, तिथल्या किंडर स्काउट पठारावर, जे तेव्हा खाजगी म्हणून लोकांना बंद होतं, १९३२ मध्ये लोक मुद्दाम घुसले होते, काही जण तुरुंगात गेले, आपण आज बिनधास्त फिरतो त्यात त्यांचा वाटा आहे.

*

होली आयलंड, म्हणजेच लिंडिसफार्न बेट, कुणीच लिहिलं नाही? मग मी लिहितो, टायपो माफ, फोनवरून लिहितोय. सेंट कथबर्ट्स वे ही स्कॉटलंडमधल्या मेलरोजपासून लिंडिसफार्नपर्यंत ६२ मैलांची वाट, शेवटचे तीन मैल समुद्राच्या तळावरून. ओहोटी लागली की वाळू उघडी पडते आणि खांबांची रांग दिसते, त्या खांबांच्या कडेने चालायचं. बूट सॅकला बांधले आणि अनवाणी निघालो, कुठे टणक वाळू, कुठे पोटरीपर्यंत काळा चिखल, ऑगस्ट असूनही पाणी असलं गार की बोटं बधिर. मधे खांबांवर लाकडी खोल्या आहेत, कुणी भरतीत अडकलं तर वर चढून बसायला. लांबून सील ओरडतात, आधी कळेचना की हे कोण रडतंय.

आयडन नावाच्या साधूने ६३५ मध्ये इथे मठ काढला, ७९३ मध्ये व्हायकिंग लोकांनी येऊन लुटला. आता जे लालसर पडके अवशेष दिसतात ते नंतरच्या मठाचे. मला अवशेषांपेक्षा ती चाल जास्त लक्षात आहे, कारण गाडीने आलेले लोक डांबरी रस्त्यावरून सरळ आत गेले, आणि आम्ही चिखलाने माखलेले तासाभराने पोचलो तर नळावर पाय धुवायला एका बाईंनी स्वतःहून बादली आणून दिली.

महत्त्वाचं : गाड्यांसाठी जे सुरक्षित वेळांचं कोष्टक लावलेलं असतं ते वाळूतून चालणाऱ्यांसाठी नाही. पाणी उतरत असताना निघायचं आणि ओहोटी पूर्ण होईपर्यंत पलीकडे असायचं. दर वर्षी कुणी ना कुणी गाडीसकट अडकतंच.

*

गाईंबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. वासरं बरोबर असलेल्या गाई दिसल्या तर लांबून वळसा घ्या, कुत्रा बरोबर असेल तर जास्तच. आणि गवतातून चालल्यावर रोज रात्री पायांवर गोचीड तपासा, लाइम रोग होतो त्याने. घाबरवत नाहीये, मी तरी दर उन्हाळ्यात जातेच.

*

सेटल-कार्लाइल रेल्वेने जाऊन चालणाऱ्यांसाठी छोटंसं. रिबलहेड स्टेशनला उतरलात की समोर चोवीस कमानींचा पूल, १८७० च्या दशकातला, आणि त्याला लागूनच व्हर्नसाइडची वाट, ७३६ मीटर, आजच्या नॉर्थ यॉर्कशायरमधला सगळ्यात उंच डोंगर. पुलाच्या पायथ्याशी मजुरांच्या झोपड्यांची वस्ती होती, आता तिथे नुसतं ओबडधोबड गवत. देवी आणि अपघात यात खूप माणसं गेली, दोनशेच्या वर लोक, त्यात बायका-मुलंही, जवळच्या चॅपल-ल-डेलच्या छोट्याशा चर्चच्या आवारात पुरलीत. फोटो सगळे पुलाचे काढतात, चर्चपर्यंत जा, जास्त लांब नाही. १९८० च्या दशकात ही लाइनच बंद करायला निघाले होते, लोकांनी आरडाओरडा करून १९८९ मध्ये वाचवली.

स्टोव्हचा गॅस विमानात नेता येत नाही, तो इथेच घ्या, केझिकला चालणाऱ्यांच्या सामानाची चिक्कार दुकानं आहेत. रिबलहेडला दुकान नाही आणि गाड्या विरळ, तेव्हा डोंगरावरून उतरायची वेळ गाडीच्या वेळेवरून उलटी मोजा.