भूजलाची बातमी नेमकी कोणाला पाठवायची? आकड्यांवरून यादी कशी करता?

पाणीमोजणी
जालना आणि बीड जिल्ह्यांतल्या ३४ गावांत दर महिन्याला विहिरींची पाणीपातळी मोजली जाते. तीन वर्षांच्या नोंदी तयार आहेत, पावसाळ्यानंतरचा अहवाल ऑक्टोबरमध्ये निघेल. सध्या पत्रकारांच्या १६० ईमेल पत्त्यांची यादी आहे, त्यात क्रीडा पानाचे पत्तेसुद्धा आहेत. सगळ्यांना एकच मेल जातो आणि छापून काहीच येत नाही. पैसे भरून मिळणारी माध्यमयादी परवडणार नाही. १२ ते १५ नावांवर यायचं आहे. खप बघून ठरवावं का? जुन्या बातम्या मोजायच्या तर किती आणि कशा?

आकडेमोड
खप सगळ्यात शेवटी. आधी बातम्या मोजा.

शीटमध्ये एका बातमीला एक ओळ. रकाने असे: तारीख, वृत्तपत्र, आवृत्ती, पान, नाव, मथळा, बातमीचा उगम, आकडे वापरले का, दुवा. विषयावरच्या १५० ते २०० बातम्या पुरतात. एका ओळीला तीन मिनिटं धरली तर २०० ओळींचे दहा तास होतात. दोघांत वाटून घ्या, पण उगमाचा रकाना एकानेच तपासा, नाहीतर दोघांचे निकष वेगळे पडतात.

खरी किंमत या उगमाच्या रकान्याला आहे. सरकारी पत्रक, आढावा बैठक, प्रत्यक्ष भेट, बाहेरच्या संस्थेची नोंद, असे चार प्रकार पुरेत. मग गुण द्या:
– नजीकच्या ९० दिवसांत विषयावर लिहिलं असेल तर २
– सरकारबाहेरचा स्रोत नाव घेऊन वापरला असेल तर प्रत्येक बातमीला ३, जास्तीत जास्त ९
– आकडा तुलनेसह दिला असेल, म्हणजे 'गेल्या वर्षीपेक्षा' किंवा 'पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा', तर २, जास्तीत जास्त ६

पाण्यावर ४० बातम्या लिहिणारा, पण सगळ्या आढावा बैठकीतून उचललेल्या आणि तुलना एकातही नाही, त्याला २ गुण. सहाच बातम्या, पण त्यांतल्या चार विहिरीच्या काठावर उभं राहून, शेतकऱ्याचं नाव घेऊन लिहिलेल्या आणि तीन बातम्यांत तुलना, त्याला १७. तुमचा माणूस हा दुसरा. नुसती संख्या मोजली असती तर पहिला वर आला असता.

खडकआणिपाणी
गुणपद्धत चांगली आहे, फक्त ९० दिवसांची अट या विषयाला लावू नका. मराठवाड्यात पाण्याच्या बातम्या हंगामी असतात. पावसाळा संपताना धरणसाठा येतो, मार्च ते मे टँकर येतात, मधल्या थंडीत जवळजवळ काही नसतं. सप्टेंबरमध्ये यादी करताना ९० दिवस मागे गेलात तर पेरणी आणि पावसाच्या खंडाच्याच बातम्या हाती लागतील. त्याऐवजी गेल्या वर्षीचा ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि यंदाचा मार्च ते मे असे दोन तुकडे घ्या. नजीकच्या काळात फक्त एवढंच तपासा, की माणूस अजून त्याच दैनिकात आणि त्याच जिल्ह्यात आहे ना.

शिवाय राज्य सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून सांगते. त्या तुलनेवर ज्यांनी लिहिलं आहे त्यांना तुमचा तक्ता समजावून सांगावा लागणार नाही.

जोडाक्षर
मोजण्याआधी लिपीकडे बघा. मराठीत निम्मी चूक इथेच होते आणि कळतही नाही.

पहिली गोष्ट, सामान्यरूप. 'विहीर' शोधलंत तर 'विहिरीत', 'विहिरींची' सुटतात, कारण तिथे ह ला ऱ्हस्व वेलांटी येते. 'विहीर' आणि 'विहिर' दोन्ही घ्या. 'शेततळे' नको, 'शेततळ' एवढाच तुकडा, दोन्ही बाजूंना तारांकन लावून. 'पाणी' बरोबर 'पाण्य' घ्या.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. 'शेतकऱ्यांना' आणि 'शेतकर्‍यांना' पडद्यावर सारखे दिसतात, पण एकात नुक्त्याचा ऱ आहे आणि दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत. 'ॲग्रोवन' आणि 'अ‍ॅग्रोवन' यांचंही तेच. मथळे शीटमध्ये आणल्यावर आधी शोधा-आणि-बदलाने सगळे एका रूपात आणा, मगच मोजा.

तिसरी, ई-पेपर. पान चित्र म्हणून असेल तर त्यातला मजकूर शोधात येतच नाही. पीडीएफ जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली असेल तर कॉपी केल्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा मिळतो. अशा दैनिकांच्या ओळी हातानेच भरा. शोधात सापडलं नाही याचा अर्थ छापलंच नाही असा धरलात तर जिल्ह्यात सर्वांत जास्त वाचला जाणारा पेपर यादीतून गळेल.

शेवटचीडाक
नावाच्या रकान्यात निम्म्या ओळींत नाव मिळणारच नाही. 'सकाळ वृत्तसेवा', 'लोकमत न्यूज नेटवर्क', 'म. टा. प्रतिनिधी', 'पुढारी वृत्तसेवा' असंच असेल. या ओळी टाकून देऊ नका आणि एका माणसाच्या खात्यावरही मांडू नका. जिल्हा पानांपुरतं गुण द्यायचं एकक 'दैनिक अधिक आवृत्ती' असं ठेवा. त्यात वर आलेल्या आवृत्तीच्या जिल्हा कार्यालयात फोन करून एकच विचारा: पाणी आणि शेती कोण बघतं?

आवृत्तीचा रकाना रिकामा सोडू नका. एकाच दैनिकाच्या जालना पानावरची बातमी पुण्यात दिसत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयाने वाचावं असं वाटत असेल तर जिल्हा पान, मंत्रालयात पोचायचं असेल तर मुंबई आवृत्ती. या दोन वेगळ्या याद्या आहेत, गुण एकत्र करू नका.

आता खप. एबीसी म्हणजे खप तपासणारी संस्था. तिचे आकडे सहामाही आणि तपासलेले असतात, पण सभासद प्रकाशनांपुरतेच. वाचक सर्वेक्षण म्हणजे आयआरएस २०१९ नंतर आलेलं नाही. वृत्तपत्रांची नोंदणी करणाऱ्या प्रेस रजिस्ट्रारकडचे आकडे मुख्यतः प्रकाशकाने स्वतः भरलेले असतात, आणि सरकारी जाहिरातीचा दर खपाशी जोडलेला आहे हे लक्षात ठेवा. दोन आवृत्त्यांचे गुण सारखे आले तरच खप बघा.

पाणीमोजणी
फार उपयोग झाला. मेल उघडला की नाही हे सांगणारी सोय वापरून यादी आणखी गाळावी का?

आकडेमोड
नाही. ॲपलच्या मेलमध्ये २०२१ पासून गोपनीयतेची अशी सोय आहे, की ती चालू असेल तर मेलमधली चित्रं आधीच उतरवली जातात. माणसाने मेल बघितलाही नसेल तरी 'उघडला' अशी नोंद पडते. उलट चित्रं बंद ठेवणारा पूर्ण वाचतो आणि शून्य दिसतो. मोजायचंच तर तीन गोष्टी मोजा: उत्तर आलं, आकड्यांवर उलट प्रश्न आला, छापलं. 'नको' हेही उत्तर आहे, त्याला वेगळा रकाना द्या.

आणि १२ जणांच्या यादीत यंदा तीन आणि पुढच्या वर्षी चार ठिकाणी छापून आलं, तर पद्धत सुधारली असं म्हणू नका. एवढा फरक योगायोगानेही पडतो.

शेवटचीडाक
मेल एकेकाला, त्याच्या नावाने. पहिल्या ओळीत त्याची बातमी आणि तिच्याशी जुळणारा तुमचा एकच आकडा, उदाहरणार्थ: 'मे महिन्यात आपण ज्या गावाच्या टँकरवर लिहिलंत, तिथल्या सात विहिरींची ३६ महिन्यांची पातळी सोबत आहे.' गावनिहाय तक्ता एक्सेलमध्ये द्या, पीडीएफमधून आकडे पुन्हा टाइप करताना चुका होतात. कोणती विहीर कोणत्या महिन्यात मोजता आली नाही तेही तक्त्यात लिहा, तिथे शून्य टाकू नका. रिकामा रकाना वार्ताहर विचारून घेतो, शून्य मात्र 'विहीर आटली' म्हणून छापून येतं.