अनुभव धागा: नाईक यशवंत घाडगे आणि परमुलखात राहिलेली आपली पोरं

१० जुलै १९४४, दुसरं महायुद्ध. इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ३/५ मराठा लाइट इन्फन्ट्रीचे (पाचव्या रेजिमेंटची तिसरी पलटण) नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. वय २२. त्यांच्या सेक्शनमधले, म्हणजे छोट्या तुकडीतले, बाकी सगळे जर्मन मशीनगनपुढे मेले किंवा जायबंदी झाले होते. हा गडी एकटाच धावला. हातबॉम्बने गन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना बडवून मारलं. ठाणं घेतलं आणि तिथेच गोळ्या लागून गेला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक. ही कथा बहुतेकांना ठाऊक असेल. मला त्यापुढचं हवंय. अशी पोरं तुमच्या घरात, गावात कशी लक्षात राहिली? लिहा.

माणगावकर: घाडग्यांचं गाव पळसगाव आमच्याच तालुक्यातलं. घाडग्यांचं स्मारक तहसील कचेरीच्या आवारात आहे. आम्ही दाखल्यांच्या रांगेत उभे राहून ते पाहिलंय. शाळेत मात्र कुणी चकार शब्द काढला नाही.

इटलीत नोकरीला: मोंतोने गावात २०२३ साली त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं. आपण सगळे एकाच सूर्याखाली, अशा अर्थाचं लॅटिन वचन त्यावर आहे. पण त्यांची कबर शोधू नका, नाहीये. नाव इटलीतल्याच कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर, थडगं न सापडलेल्यांत.

रत्नागिरीची सून: आमच्याकडचे पहिल्या महायुद्धातले. सासऱ्यांचे चुलत आजोबा इराकमधल्या बसऱ्याला गेले ते गेलेच. तिथी माहीत नाही म्हणून सर्वपित्रीला पान ठेवतात. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, सगळं साग्रसंगीत. ते पडल्यावर सरकारकडून आलेलं ब्राँझचं तबकडं देव्हाऱ्यात आहे. त्यावर ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेली बाई, आणि शेजारी सिंह. सिंह आहे म्हणजे देवीच, असं धरून आजेसासूबाईंनी जन्मभर तिला हळदकुंकू वाहिलं. त्यावरचं उठावातलं चुलत सासऱ्यांचं नाव इंग्रजीत, त्यांना वाचता यायचं नाही. आता कुंकवाने ती अक्षरंच बुजलीत. घासून काढू की नको, ठरत नाही.

पुण्याहून: कटू वाटेल, पण लढाई इंग्रजांची होती. हुतात्मा म्हणताना जीभ अडखळते.

निवृत्त सुभेदार, सातारा: अडखळू द्या. मनिऑर्डरीवर घरं चालायची हो. लढाई कुणाची, हे भरतीच्या रांगेत कोण विचारतो? शेजारचा पडला की पुढे जायचं, एवढंच तिथे कळतं.

रत्नागिरीच्या सुनेला एक उत्तर: घासू नका! आधी तिरप्या उजेडात फोटो काढा, अक्षरं उठतात. बसऱ्याच्या स्मारकावर आपल्या शिपायांची नावं कोरलीच नव्हती, पलटणीखाली नुसता आकडा. तेव्हा तबकडीवरचं नाव मोलाचं. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर ते शोधा, जुन्या स्पेलिंगचे दोनचार प्रकार करून. आणि माणगावकडच्यांनी जिल्हा रायगड नाही, तेव्हाचं नाव कुलाबा टाकायचं.