अठरा खोल्यांच्या हॉटेलाला क्रिएटिव्ह डायरेक्टर कायले पाहिजे?

रामदासपेठी
ओळखीतल्या एका कुटुंबानं नागपूरच्या रामदासपेठेतला जुना बंगला बिल्डरला न देता त्याचं अठरा खोल्यांचं बुटीक हॉटेल करायचं ठरवलंय. घरात भांडण जुंपलंय ते एका पदावरून. धाकटी सून म्हणते, क्रिएटिव्ह डायरेक्टर नेमा. भिंतींचे रंग, मेन्यूची भाषा, लॉबीतलं संगीत आणि महिन्यातून एक-दोनदा गावातल्या लोकांसाठी कार्यक्रम, हे सगळं एकाच डोक्यातून निघालं पाहिजे. सासरे म्हणतात, तेवढ्या पैशात चार खोल्यांचे एसी बदलून होतील.

मला सुनेचं पटतं. नागपुरात खोली घेतं कोण? डिसेंबरात अधिवेशन असलं की कुठलंही हॉटेल भरतं, त्यात काही कर्तबगारी नाही. जंगलवाले विमानातून उतरले की थेट पेंच नाहीतर ताडोबा गाठतात, फार तर परतीच्या आदली एक रात्र आपल्याकडे काढतात. लग्नं लॉनवाले नेतात. उरलेल्या दिवसांत पाहुणा येतो तो कुणीतरी "तिथं उतर" म्हटलं म्हणून. असं म्हणणारा माणूस नागपूरचाच असतो आणि तो स्वतः त्या हॉटेलात एकही रात्र झोपणार नसतो. मग त्याला ते आतून दिसणार कसं? कार्यक्रम त्याच्यासाठी करायचे.

हॉटेललाइनवाला
राजेहो, मी याच धंद्यात आहे म्हणून सांगतो. कार्यक्रमाला येणारा माणूस एका कॉफीवर तीन तास बसतो. वरच्या खोलीतला पाहुणा खाली फोन करतो, आवाज कमी करा. गाड्या शेजाऱ्याच्या फाटकासमोर लागतात आणि महिनाभरात कॉलनीचा अर्ज पोलीस ठाण्यात जातो. रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री दहानंतर 45. रात्री दहानंतर उघड्या लॉनवर माइक बंदच. रेकॉर्डेड गाणी लावायची तर त्याचं लायसन्स वेगळं.

आता पैशाचं बघा. 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 5 टक्के झाला. पाहुण्याला बरं झालं, पण इनपुट क्रेडिट, म्हणजे आपण खरेदीवर भरलेला जीएसटी वळता करून घ्यायची सोय, गेलं. म्हणजे क्रिएटिव्ह डायरेक्टरच्या बिलावर 18 टक्के लागले तर ते मालकाच्याच खिशातून जाणार. सासऱ्यांचा हिशोब चुकत नाहीये. त्यापेक्षा गिझर चालू ठेवा, चादरी पांढऱ्या ठेवा, नाश्ता वेळेवर द्या. रिव्ह्यूत लोक तेच लिहितात.

महालातली
माझा विरोध पैशाचा नाही. हे "लोकल कल्चर" म्हणून काय करतात ते पाहिलंय ना? भिंतीवर वारली. वारली पालघरकडची, नागपूरशी तिचा काय संबंध? कुणी जरा शहाणा निघाला तर गोंड चित्रं लावतो. हे शहर वसवणारा बख्त बुलंद शाह गोंड राजा, इथवर ठीक. पण आज ज्याला गोंड चित्र म्हणतात ती शैली मध्य प्रदेशातल्या डिंडोरीकडच्या परधान कलाकारांनी घडवली. हे कुणी खाली लिहीत नाही.

आणि यांचा पुढचा हात मारबतीवर, म्हणजे आमच्याकडे मिरवणुकीनं निघणाऱ्या बाईच्या पुतळ्यावर पडणार, हे मी आत्ताच सांगते. काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या सणाला इतवारी-महालात पाय ठेवायला जागा नसते. "इडा-पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. जी घरातून घालवायची ती तुम्ही लॉबीत मांडणार? तिच्यासोबत निघणारे बडगे, म्हणजे पुरुषी पुतळे, तर पुढाऱ्यांचीच टर उडवतात. अधिवेशनात आमदारांना खोल्या देणारं हॉटेल तसला बडग्या रिसेप्शनला उभा करेल का? नाही करणार. म्हणजे त्यातला दात काढून फक्त रंग घेणार.

रामदासपेठी
महालातली, अहो म्हणूनच तो माणूस हवा. मारबत लॉबीत नको, हे सांगणारं कुणी तिथं पाहिजे ना. त्या दिवशी पाहुण्यांना नाश्ता लवकर द्या, सोबत माहीतगार माणूस द्या आणि इतवारीत सोडा. हॉटेलात काहीच मांडायचं नाही, हाही क्रिएटिव्ह डायरेक्टरचाच निर्णय.

दुपारनंतर मात्र लॉन मोकळं ठेवा. आसपासची पोरं लाकडी बैल घेऊन येतील. बैल सजवायला झुली, बेगड, घुंगरू ठेवा आणि प्रत्येकाच्या हातावर बोजारा, म्हणजे सणाचा खाऊ-पैसा द्या. माइक लागत नाही, लायसन्स लागत नाही. पोरांसोबत आईबाप येतात, त्यांना घर दिसतं.

संत्र्याचंही तसंच. आंबिया बहाराची फळं हिवाळ्यात येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चकडे. मे महिन्यात बाटलीतल्या रसावर "ऑरेंज फेस्टिव्हल" करणारा मॅनेजर बाहेरून आलेला असतो.

ऑरेंज_सिटीवाला
काहून बे, सावजीचं कोणी बोलतच नाही? "माइल्ड सावजी" लिहिलेलं मेन्यूकार्ड पाहिलं तं मी उठून जातो. तर्री पोहे काचेच्या ग्लासात देत असाल तं सासरेच बरोबर.

दंडारवाला
आमच्याकडून ऐका. एका हॉटेलनं आमच्या मंडळाला दंडारीसाठी, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या लोकनाट्यासाठी बोलावलं होतं. मागच्या फाटकातून आत घेतलं, जनरेटरच्या बाजूला बसवलं. ढोलकीवाल्यानं पाणी मागितलं तर स्टाफच्या नळाकडे बोट दाखवलं. मग एक मुलगी वॉकीटॉकी घेऊन आली, म्हणे वीस मिनिटांत बसवा, केक कापायचाय. झाडीपट्टीत खेळ रात्री उभा राहतो तो पहाटेपर्यंत चालतो, वीस मिनिटांत तं आमची गणेशवंदनाही आटपत नाही. मानधन विचारलं तर म्हणे, "रीलमध्ये टॅग करू."

तरी माझं मत कार्यक्रम करावेत असंच आहे. धान कापून झालं की वडसा-देसाईगंजकडे हंगाम जोरात असतो, उन्हाळा सरला की आम्ही रिकामे. तेव्हा बोलवा. कागदावर रक्कम लिहा, निम्मी आधी द्या, उरलेली खेळ संपला की त्याच रात्री. जेवण पाहुण्यांच्याच हॉलमध्ये.

हॉटेललाइनवाला
दंडारवाले भाऊ, ही गोष्ट खोटी नाही, अशी बॅकगेट मीही पाहिली आहेत. पण याचा अर्थ खर्च अजून वाढला! रामदासपेठींनी तान्हा पोळा सांगितला, तो मान्य, स्वस्त आणि दिवसाउजेडी. पण वर्षभराच्या पगारावर माणूस? मी म्हणेन उघडण्याआधी तीन-चार महिन्यांसाठी कुणाला तरी ठरवा, रंग-मेन्यू-नाव आटपून घ्या. नंतर जनरल मॅनेजर बघेल. कार्यक्रम ठेवायचाच तर मंगळवार-बुधवार, जेव्हा खोल्या तशाही रिकाम्या असतात, आणि तिकिटात जेवण धरलेलं.

रामदासपेठी
जनरल मॅनेजर बघणार म्हणजेच मे महिन्यातला ऑरेंज फेस्टिव्हल. त्याची दीड-दोन वर्षांत बदली होते, नाहीतर तो दुसरीकडे जातो. तीन महिन्यांचा कन्सल्टंट मुंबईहून येणार, बाकी चार शहरांत लावलेलंच इथं लावून जाणार. पगार मोठा नको, अर्धवेळ ठेवा, पण गावातलाच ठेवा.

महालातली
गावातला ठेवा, बरं. तो पोरांना बोलावेल, दंडार बोलावेल. पण इतर दिवशी महालातली बाई तिच्या बहिणीला घेऊन चहा प्यायला आली, तर फाटकावरचा गार्ड "कोणती रूम?" असंच विचारणार. दोन मोठ्या हॉटेलांच्या दारातून मी याच प्रश्नावर परत फिरले आहे. सूनबाईंनी त्या गार्डला काय सांगायचं ठरवलंय, ते विचारून इथं लिहा.