अनुभव धागा: न खेळलेले गेम आणि वाचून वाचून फाटलेली मासिकं

माळ्यावरचा (धागाकर्ता)

परवा माळा आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत 'क्रॅश' या स्पेक्ट्रमच्या गेमवरच्या इंग्रजी मासिकाचे चार अंक सापडले, १९८५-८६चे. दोघांना मुखपृष्ठ नाही, एकाच्या मधल्या पानांवर वाळवीने जाळी काढली आहे आणि चौथ्यात तीन ठिकाणी माझ्याच अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय : 'हा मिळव'. तिन्हींपैकी एकही कधी मिळाला नाही.

नवीन मंडळींसाठी थोडं. स्पेक्ट्रम हा क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीचा घरगुती कॉम्प्युटर, १९८२ साली इंग्लंडमध्ये आला. घरच्या टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवरून गेम चढवायचा. आमच्याकडे होता तो 'डीबी स्पेक्ट्रम प्लस', १९८६पासून डेसिबेल्स कंपनी लायसन घेऊन इथेच बनवायची तो. मेमरी ४८ के. तुम्ही सकाळी ग्रुपवर टाकता ना, त्या दवबिंदूवाल्या गुलाबालासुद्धा पुरायची नाही.

मशीन इथे मिळालं, मासिकं मात्र तिकडचीच. त्यामुळे माझ्यासारख्याने गेम खेळले असतील पंधरा आणि वाचले असतील पाचशे. मला त्या पाचशेंबद्दल बोलायचंय. मासिक कुठून मिळालं, कसं वाचलं, काय टाइप केलं, काय फसलं, सगळं लिहा. आठवेल तसं लिहा, क्रम नको.

लेस्टरकर

मी उलट्या बाजूचा. आईबाबा सत्तरच्या दशकात पुण्याहून इकडे इंग्लंडात लेस्टरला आले, मी इथलाच. मासिक कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचं. दुकान आफ्रिकेतून आलेल्या एका गुजराती काकांचं. आईशी ते हिंदीत बोलायचे, माझ्याशी अस्सल लेस्टरी इंग्रजीत. 'फुकट वाचतोय बघ' हे मात्र बायकोला गुजरातीत सांगायचे. मला कळू नये म्हणून. मराठी पोराला तेवढं न कळायला काय झालं!

'क्रॅश' लंडनमधून निघत नसे. श्रॉपशरमधल्या लडलो नावाच्या जुन्या, किल्ला असलेल्या गावातून निघायचं. पहिला अंक फेब्रुवारी १९८४चा. सुरुवातीला परीक्षणं करायला त्यांनी गावातल्या शाळेतली पोरं धरली होती, हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे ज्या तज्ज्ञांवर विश्वास ठेवून मी वाढदिवसाचे पैसे उडवले, ते माझ्याहून जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठे! एका गेमवर तिघांची मतं आणि खाली टक्के. नव्वदच्या पुढे गेला की 'क्रॅश स्मॅश'. ही टक्केवारी बाबांना भारी आवडायची. "त्या उड्या मारणाऱ्या ठिपक्याला ब्याण्णव आणि तुला गणितात एकसष्ट," हे वाक्य मी वर्षभर ऐकलं.

मुखपृष्ठं चित्रकार ऑलिव्हर फ्रेची. गेममध्ये पंधरा-वीस ठिपक्यांचा माणूस असायचा. मुखपृष्ठावर तोच दंड फुगवून, दात विचकून, घामाने निथळत उभा, मागे आग. चित्र बघून गेम घ्यायचा आणि मग ठिपक्यांमध्ये ते चित्र शोधत बसायचं. एक अंक आईने गणपतीत पाहुणे येणार म्हणून पालथा घालून ठेवला होता.

आणि लॉइड मॅन्ग्रम! वाचकांच्या पत्रांना उत्तरं देणारा. मी त्याला दोन पत्रं लिहिली, दुसऱ्यात तब्येतीची चौकशीही केली. मोठा झाल्यावर कळलं की असा माणूसच नव्हता. ऑफिसातली मंडळी त्या नावाने लिहायची. सांताक्लॉजचं कळलं तेव्हा एवढं वाईट वाटलं नव्हतं.

टेप एरर

लेस्टरकर, तुमच्याकडे दुकान होतं, आमच्याकडे ताई होती.

मासिकं यायची (आत्याच्या सामानातून, वर्षातून एकदा, सात-आठ अंक एकदम), पण कॅसेटी आणायला तिला वजन परवडायचं नाही. म्हणून आमचा सगळा भर छापलेल्या लिस्टिंगवर. प्रोग्रॅम मासिकात ओळीने छापलेला, तो बघून टाइप करायचा. स्पेक्ट्रमवर एकेक अक्षर टाइप करावं लागत नसे. पी दाबला की अख्खा 'प्रिंट', जे दाबला की 'लोड'. ते पाठ झालं की हात भराभर चालायचा.

खरी गंमत डेटाच्या ओळींची. नुसते आकडे, पानभर. ताई वाचणार, मी दाबणार. आता 'बेसिक' ही प्रोग्रॅम लिहायची भाषा इंग्रजीतली असली तरी ताई मराठी शाळेतली. "एकशे सव्वीस, स्वल्पविराम, शून्य, स्वल्पविराम, एकोणऐंशी…" एकोणऐंशी म्हणजे ७९ की ८९, यावर आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी बाबांच्या इस्टेटीवरून पुढे झाली नाहीत. ५९-६९चं तेच. हे आकडे म्हणजे मशीन कोड, थेट मशीनला दिलेले हुकूम; त्यात एक आकडा चुकला की चूक दाखवायला कोणी येत नसे. 'रन' केलं की पडदा क्षणभर रंगीबेरंगी आणि मग सगळं पुसून सिंक्लेअरचं नाव खाली हजर. तीन तासांचं टाइपिंग गेलं. आधी कॅसेटवर सेव्ह करायचं आणि मगच चालवायचं, हे शहाणपण चौथ्या वेळी आलं. त्यातही गुरुवार टाळायचा, आमच्या भागात वीज जायची.

एवढं करून जो गेम उघडला, त्यात एक कंस डावीकडे-उजवीकडे सरकत वरून पडणारे चांदणीचे ठोकळे झेलायचा. ताईने तो दोनदा खेळून सांगितलं, "यापेक्षा टाइप करतानाच मजा येत होती."

बीबीसीवाली

आमच्या घरी काही नव्हतं. शाळेत होतं. केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेत १९८४पासून निवडक शाळांना 'बीबीसी मायक्रो' हे कॉम्प्युटर मिळाले, त्यात आमची शाळा. चपला बाहेर, एसी आत, आठवड्यातून एक तास आणि एका मशीनमागे पाच जणी. मशीनवर भरतकाम केलेलं कव्हर.

'द मायक्रो युजर' या त्याच मशीनच्या मासिकाचे दोन अंक बाईंच्या कपाटात कुलपात असायचे. प्रमाणपत्रांसारखे. शेवटच्या दिवशी निरोप समारंभ चालू असताना मी एकटीने ते उघड्या कपाटातून काढून उभ्याउभ्या वाचले. निम्म्या जाहिराती होत्या. प्रिंटरच्या जाहिराती! तरी प्रत्येक वाचली.

मांडवीकाठ

माझा मामा बोटीवर होता. गोव्यात हे सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. घरात परफ्युम, चॉकलेट, कॉर्न्ड बीफ आणि इंग्लंडातल्या कुठल्यातरी बंदरावर जे हाती लागेल ते मासिक. कधी स्पेक्ट्रमचं, कधी कमोडोर या दुसऱ्या कॉम्प्युटरचं 'झॅप ६४'. त्याला फरक कळत नसे, कॉम्प्युटरचं चित्र असलं की झालं.

'जेट सेट विली' हा १९८४चा गेम त्याने आणला. नायक विली, घरभर पसारा, सगळा गोळा केल्याशिवाय मोलकरीण झोपू देत नाही. गेमसोबत रंगीत चौकोनांचं कार्ड यायचं. सुरुवातीला कार्डावरचे रंग विचारायचे, म्हणजे कॉपी कोणी करू नये. आमचा टीव्ही कृष्णधवल. कार्डावर रंग दिसतात, पडद्यावर कुठला पर्याय कुठल्या रंगाचा ते दिसत नाही. करड्याच्या छटा मोजून मोजून आम्ही आत शिरायचो.

मग आख्खी मे महिन्याची सुट्टी त्यात गेली. माळ्याच्या खोलीत गेलं की नंतर भलत्याच खोल्यांत पाय ठेवताच विली मरायचा. मला वाटलं मीच नीट उडी मारत नाही. चुलतभावालाही तेच वाटलं, त्याच्या नाही, माझ्या बाबतीत. पावसाळ्यात मामा आला, मासिक आणलं, त्यात सगळा उलगडा. गेममध्येच चूक राहून गेली होती, तो मुळात पुरा होणंच शक्य नव्हतं! सुरुवातीला तर 'गेम अवघड व्हावा म्हणून मुद्दाम तसं केलंय' असंही सांगण्यात आलं होतं. पुढे दुरुस्तीचे 'पोक' छापून आले.

पोक म्हणजे मेमरीतल्या अमुक जागी तमुक आकडा ठेव, असा हुकूम. 'मॅनिक मायनर' या विलीच्याच आधीच्या गेमसाठी पोक ३५१३६, ०. विली मेला तरी जीव कमी होत नाही. बायकोचा मोबाइल नंबर मला आजही बघून लावावा लागतो, हा आकडा मात्र झोपेतून उठवून विचारा.

वाचनमात्र

बरीच वर्षं रोमात (नुसता वाचत, न लिहिता) आहे, आज राहवलं नाही.

फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी इंग्रजी मासिकं मिळायची. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिकडे मुखपृष्ठावर कॅसेट चिकटवून द्यायची पद्धत आली. आपल्यापर्यंत अंक यायचा तेव्हा कॅसेटच्या जागी फक्त सेलोटेपचा पिवळा चौकोन आणि वर ठळक अक्षरात 'आत चार गेम फुकट'. विकणाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, कॅसेट वेगळी जाते, पाच रुपये, वाटेल ते भरून घ्या. एक घेतली. अर्ध्यावर गेमचा किरकिराट, अर्ध्यावर कोणीतरी भजनं भरलेली. टेपरेकॉर्डरच्या हेडचा स्क्रू पिळून पिळून मी गेम चढवायचा प्रयत्न केला. गेम नाही चढला, पण भजनं फार स्वच्छ यायला लागली.

बिनसाखरेचा

+१ फाउंटन.

मी एकदा इंग्लंडला पत्र पाठवलं, टिप्सच्या सदरासाठी. उत्तर यावं म्हणून पोस्टातून आंतरराष्ट्रीय रिप्लाय कूपन घेतलं. काउंटरवरच्या माणसाने ते ड्रॉवरच्या तळातून शोधून काढलं आणि विचारलं, "अॅडमिशनसाठी का?" मी हो म्हणालो. उत्तर आलं नाही. खोटं बोलल्याची शिक्षा.

सीडी-रॉम

काकालोकांच्या धाग्यात शिरतोय. आमच्या वेळी 'चिप' हे कॉम्प्युटरचं मासिक होतं, २००१मध्ये त्याचं 'डिजिट' झालं. मासिकासोबत सीडी. घरी डायलअप, फोन कोणी उचलला की डाउनलोड मेलं, त्यामुळे गेमचा डेमो मिळायचा तो सीडीतूनच. पहिली लेव्हल संपली की 'पूर्ण गेम विकत घ्या'. मी त्या पहिल्या लेव्हल शेकडो वेळा खेळलोय. दुसरी लेव्हल कशी असते ते थेट नोकरी लागल्यावर बघितलं. डोंबिवली स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर आधी पिशवी दाबून बघायचो, सीडी आहे ना आत.

माळ्यावरचा

@सीडी-रॉम, ये की. सीडी म्हणजे चपटी कॅसेटच.

'क्रॅश' काढणारी न्यूजफील्ड कंपनी १९९१मध्ये बुडाली, मासिक दुसऱ्यांकडे जाऊन १९९२ला बंद पडलं. 'युअर सिंक्लेअर' हे स्पेक्ट्रमचंच दुसरं मासिक सप्टेंबर १९९३पर्यंत टिकलं, शेवटच्या अंकाचा क्रमांकही ९३. आता सगळे अंक इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेले आहेत. काल माझ्या वाळवीवाल्या अंकातली गायब पानं तिथे वाचली. ज्या नकाशाचा उजवा कोपरा मला चाळीस वर्षं माहीत नव्हता, तिथे निघाली एक जाहिरात. जॉयस्टिकची.

पेन्सिलीने खूण केलेले तिन्ही गेमही नेटवर आहेत. अजून उतरवलेले नाहीत. आधी परीक्षणं पुन्हा वाचतोय.

टेप एररची ताई

खास खातं उघडून लिहिते आहे. एकोणऐंशी म्हणजे ७९. मी तेव्हाही बरोबरच वाचलं होतं, दाबलंस तू चुकीचं. आणि ते मासिक माझ्याकडे आहे, हवं तर पानाचा फोटो टाकते.